मासवडी की कोंबडी?

बचत गटाच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की खरी बैठक सुरू होते, हे मैत्रिणींनो, तुम्हालाही ठाऊक असेल. भीमाशंकरच्या वाटेवर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आम्ही अशाच बसलो होतो. पाऊस उघडला होता, वरकस जमिनीवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. एकीनं विचारलं, "ताई, दवाखान्यात सांगितलं, रक्त कमी हाये, चिकन खात जा. आता किलोभर चिकन आणायचं म्हंजी आठवड्याचा बाजार त्यातच गेला. घरात खुरासणी हाये, हुलगं हायेत. त्यानं न्हाई का व्हायचं?"

मी तोंड उघडायच्या आत दुसरी म्हणाली, "टीव्हीवर तर सांगत्यात, बियांमधी चिकनपेक्षा जास्ती ताकद असती." तिसरीचा प्रश्न वेगळाच, "आन् ते कोंबड्यांच्या रोगाचं काय? गेल्या बारीला आमच्या ह्यांनी दोन महिनं चिकन आणलंच न्हाई."

तीन बायका, तीन प्रश्न, आणि तिन्ही रास्त. मी त्या दिवशी "पुढच्या बैठकीला सांगते" म्हणून वेळ मारून नेली. मी कला शाखेची, आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. पण हा विषय आकड्यांशिवाय सुटणारा नव्हता. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे तक्ते घेऊन बसले आणि दोन संध्याकाळी नुसती बेरीज-भागाकार केली. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी त्या टीव्हीवाल्या वाक्याचं पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये, म्हणजे कातडी आणि हाडं काढलेल्या मांसात, साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५, तिळात १८ च्या आसपास, हुलग्यात २२, खुरासणीतही विसाच्या जवळपास. झालं! आकडा दिसला की मथळा तयार, ‘चिकनपेक्षा शेंगदाणे सरस’. पण जरा थांबा. चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम नुसतं पाणी असतं, आणि शेंगदाणा असतो खडखडीत वाळलेला. ओल्या धोतराची आणि वाळलेल्या धोतराची वजनं कधी कुणी एका तागडीत तोलतं का? शिवाय शंभर ग्रॅम चिकन माणूस एका बसणीला सहज खातो. शंभर ग्रॅम खुरासणी कोण खातं? आपण घेतो चमचा-दोन चमचे चटणी, म्हणजे फार तर पंधरा-वीस ग्रॅम. त्यातून मिळतात तीन-चार ग्रॅम प्रथिनं. ‘बियांमध्ये जास्त ताकद’ हे तक्त्यात खरं आहे, ताटात तितकं खरं नाही.

पण बाजाराच्या पिशवीचा हिशेब केला तर चित्र पुन्हा पालटतं. किलोभर चिकन आणलं की हाडं वगळून मांस भरतं साडेसहाशे-सातशे ग्रॅम. म्हणजे प्रथिनं साधारण १३० ग्रॅम. किलोभर शेंगदाण्यात २५० ग्रॅम, किलोभर हुलग्यात २२० ग्रॅम. आपल्या बाजारात हुलगे किंवा शेंगदाणे चिकनच्या भावाला जात नाहीत, पण समजा गेलेच, तरी त्याच पैशात प्रथिनं जवळजवळ दुपटीनं आली. भाव रोज बदलतात, म्हणून मी ते इथे देत नाही. तुमच्या गावच्या बाजारातले टाका आणि करून पाहा.

मग प्रश्न येतो दर्जाचा. प्रथिनं म्हणजे मण्यांची माळ समजा. वेगवेगळ्या रंगांचे मणी ठरलेल्या प्रमाणात लागतात, एक रंग कमी पडला की माळ तिथेच अडते. चिकन-अंड्यात सगळे रंग पुरेसे असतात. तीळ, शेंगदाणा, खुरासणी यांत ‘लायसिन’ नावाचा मणी कमी पडतो. तो हुलगे, हरभरा, घेवडा अशा कडधान्यांत भरपूर असतो. कडधान्यांत ‘मिथिओनिन’ कमी, तर तिळात ते चांगलं. म्हणजे दोन्ही एका जेवणात, निदान एका दिवसात पोटात गेले की माळ पुरी होते.

आता आठवा, जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर या आपल्या पट्ट्यातली मासवडी! बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण, कुणी शेंगदाण्याचं कूट, असं सारण भरायचं, दुमडून त्रिकोणी आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. वर झणझणीत रस्सा. नावात मास, आणि आत मासाचा कणही नाही. हरभऱ्याचं लायसिन, तिळाचं मिथिओनिन. ज्या कुणा बाईनं ही वडी पहिल्यांदा थापली तिला हे शब्द माहीत नव्हते, पण सामिषाच्या तोडीचं काहीतरी आपण ताटात वाढतो आहोत, हे तिला नक्की उमगलं असणार. नाहीतर नाव मासवडी कशाला ठेवलं असतं? हुलग्याची शेंगोळी, माडगं आणि बाजूला खुरासणीची चटणी, हीसुद्धा त्याच जातीची जोडी आहे.

आणखी एक गंमत हिशेब करताना लक्षात आली. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला पोल्ट्रीच्या लांबलचक शेड दिसतात. त्यातली ब्रॉयलर कोंबडी खाते काय? मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे जातो, आणि किलोभर वजन वाढायला त्याला दीड-पावणेदोन किलो खाद्य लागतं. म्हणजे आपल्या ताटात येणारं चिकन हे शेवटी बियांचंच झालेलं असतं, फक्त कोंबडीच्या पोटातून फिरून. उलट आपण खुरासणी घाण्यावर नेतो, तेल घरी आणतो आणि पेंड म्हशीपुढे टाकतो. तेलात प्रथिनांचा अंशही नसतो, ती सगळी त्या पेंडीत राहतात. म्हशीला मिळतात त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, दूध देतेच ती. पण चटणीपुरती दोन पायली खुरासणी घरात राहावी, एवढं तरी पाहायला हवं. वाडीतल्या आजी सांगतात, पूर्वी घरोघर खुरासणीचं मडकं असे. आता सुगी झाली की पोतं सरळ व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतं आणि त्या पैशातून पिशवीतलं पामतेल येतं.

आता रक्ताकडे वळू, कारण पहिल्या बाईचा खरा प्रश्न तोच होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ४८ बायकांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या फेरीत त्या ५४ झाल्या. लहान मुलांमध्ये तर आकडा ५४ वरून ६९ वर गेला. एवढ्या योजना, एवढ्या गोळ्या, आणि आपण पुढे जायच्या ऐवजी मागे!

या रोगावर ‘चिकन खा’ हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. मीही लोकांना देत होते, हे कबूल करते. पण तक्ता उघडला आणि ओशाळले. शंभर ग्रॅम चिकनमध्ये लोह असतं अवघं एक मिलिग्रॅम, कधी त्याहून कमी. आणि बाईची रोजची गरज, २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार, २९ मिलिग्रॅम! कोंबडीत लोह असतं ते मुख्यतः कलेजीत, मांसाच्या कितीतरी पट जास्त. (गरोदर बाईनं मात्र कलेजी रोज खाऊ नये, विशेषतः पहिल्या महिन्यांत. तीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं. डॉक्टरांना विचारूनच खावी.)

मग बियांमध्ये लोह आहे का? आहे, चिकनपेक्षा पुष्कळच जास्त आहे. पण इथेही एक खोच आहे. मांसातलं लोह शरीर पटकन उचलतं, साधारण पाचातला एक भाग तरी अंगी लागतो. धान्या-बियांतलं दहातला एक भाग, कधी त्याहूनही कमी. बियांच्या सालीत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोहाला धरून ठेवतं. त्यातून आपण जेवण झालं रे झालं की कपभर चहा घेतो, तो उरलंसुरलं अडवतो. यावर उपाय आपल्याच हातात आहेत. हुलगे, मटकी भिजवून मोड आणायचे, तीळ-खुरासणी भाजून घ्यायची, जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा खायचा आणि चहा तासाभरानं घ्यायचा. भीमाशंकरच्या रानात आवळ्याला काय तोटा! आणि जेवणात मांसाचा थोडासा तुकडा असेल तर तो शेजारच्या भाकरी-उसळीतलं लोहही अंगी लागायला मदत करतो. म्हणजे चिकन लोहाचा साठा म्हणून फारसं कामाचं नाही, पण मध्यस्थ म्हणून चांगलं आहे.

अळिवाचंही सांगून टाकते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात ते योग्यच आहे. पण ‘शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह’ हा आकडा जुन्या तक्त्यातला आहे. संस्थेनं २०१७ साली नवे तक्ते काढले, त्यात तो बराच खाली आला. आणि लाडवात अळीव जातात चमचाभर. तेव्हा लाडू खा, पण दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका. एचबी सातच्या खाली गेलं असेल तर ना चटणी पुरते ना चिकन, तिथे उपचारच हवेत.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र चिकनला मैदान सोडावं लागतं. शंभर ग्रॅममागे त्यात जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम, पंचविसाच्या वर काही जात नाही. नाचणीत तीनशेच्या वर, तिळात हजाराच्या वर. तिळाच्या सालीमुळे त्यातलं सगळं लागू पडत नाही, तरीही फरक केवढा! नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी खाणाऱ्या बाईला गुडघ्यांसाठी कुणी चिकन सुचवलं तर खुशाल हसा.

आणि बियांना मैदान सोडावं लागतं ते ‘बी-१२’ या जीवनसत्त्वापुढे. ते तिळात नाही, शेंगदाण्यात नाही, कुठल्याच बीमध्ये नाही. मांस, मासे, अंडी, दूध-दही यांतच ते मिळतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, रक्तही कमी होतं. दूध डेअरीला घालून घरात काळा चहा पिणाऱ्या बायका मी पाहते, त्यांच्या ताटातून हे पुरतं नाहीसं झालेलं असतं. माळकरी घरातल्या बाईनं निदान वाटीभर दही-ताक सोडू नये. खाणाऱ्या घरात चिकनच हवं असं नाही. पावसाळ्यात खाचरातले खेकडे, डिंभ्याचे मासे, सुकट, आणि सर्वांत सोपं म्हणजे अंडं.

अंड्यावरून आठवलं. इथे हा स्वयंपाकघरातला हिशेब थेट सरकारदरबारी जाऊन पोहोचतो. आदिवासी भागासाठी २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण ठरलं. त्यात शेंगदाण्याचा लाडूही होता, अंडंही होतं. पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडं ठरलं. न खाणाऱ्यांना काय? केळी! पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला, तेव्हाही न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा दुसरं फळ. त्यावर राज्यभर केवढा वाद झाला! शाळेत अंडं शिजावं की नाही, कुणाच्या भावना दुखावतात, यावर रकानेच्या रकाने भरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून द्या. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेनं लोकसहभाग आणायचा कुठून, हे निर्णय लिहिणाऱ्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या सगळ्या वादात मला एक गोष्ट फार खटकली. अंड्याच्या जागी केळं, हे कुठल्या तक्त्यात बसतं? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, एका केळ्यात एक. केळं चांगलंच आहे, पण ते अंड्याची जागा घेऊ शकत नाही. ज्यांना अंडं नको त्यांच्या पोरांना मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम शेंगदाणे गुळात वळून दिले तर तेवढीच सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत वाटीभर दूध दिलं तर बी-१२ चीही थोडीफार सोय होते. अंड्याच्या विरोधात बोलणाऱ्यांनी हा लाडू हट्टानं मागितला असता तर त्यांच्या शाकाहाराला मी हात जोडले असते. अंडं नको म्हणणारे पुष्कळ दिसले, शेंगदाणे द्या म्हणणारा मोर्चा काही माझ्या पाहण्यात आला नाही.

तिसऱ्या बाईच्या भीतीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२० मध्ये करोनाची अफवा आली. चिकनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी दुकानं ओस पडली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला पुन्हा बर्ड फ्लू. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याबरोबर बोट पुन्हा चिकनकडेच गेलं. खरी गोष्ट एवढीच, की नीट शिजलेल्या चिकन-अंड्यातून हे रोग होत नाहीत. धोका असतो कच्च्या मांसाच्या हाताचा, विळीचा आणि त्याच पाटावर कापलेल्या काकडी-कांद्याचा. मेलेली, आजारी कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून शिजवू नका, पुरून टाका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि बियाही अगदीच निर्धोक नाहीत बरं का. बुरशी धरलेले, कडवट शेंगदाणे चटणीत खपवायचे नसतात, त्यातलं विष भाजूनही जात नाही.

हे सगळं वहीत उतरवून मी पुढच्या बैठकीला गेले. बायकांनी शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, "तुमच्या घरी किलोभर चिकन आणलं, माणसं सहा, तर वाटणी कशी होते?" आधी हसू पिकलं. मग एकेक सांगू लागली. नळी आणि मोठे पीस घरधन्याला, मग सासऱ्याला, मग पोरांना. सासूबाईंना मऊ बघून. "आन् तुला?" "मला रस्सा. पातेल्यात र्‍हायला तर येखादा मानेचा तुकडा." दुसरी म्हणाली, "रश्श्यातच खरी ताकद उतरती म्हणत्यात ना, ताई?"

नाही हो, उतरत नाही! प्रथिनं मांसात राहतात, रश्श्यात उतरतो तो स्वाद, मीठ आणि थोडी चरबी. अळणी पाणी आजाऱ्याला गरम गरम बरं वाटतं, पण ते मांसाचा पर्याय नाही. किलोभर चिकनमधली १३० ग्रॅम प्रथिनं सहा ताटांत सारखी गेली असती तर प्रत्येकी वीस-बावीस ग्रॅम आली असती. तिच्या वाट्याला पाचही आली नाहीत. आणि दवाखान्यात ‘चिकन खा’ हे सांगितलं होतं तिला, घरधन्याला नव्हे.

बरं, श्रावण, मार्गशीर्ष, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे सगळं पाळतं कोण? तीच. वर्षभरातले चिकन शिजण्याचे दिवस मोजले, त्यातून तिच्या उपासाचे वजा केले आणि मग रश्श्याचे वजा केले, तर हातात काय उरतं? त्या वाडीतल्या चौदाजणींनी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. सर्वांत मोठा आकडा निघाला वर्षाला अकरा वेळा. आणि एकीचा होता दोन. ती चार महिन्यांची पोटुशी होती.

पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, गरोदरपणात त्याहून जास्त. तीन भाकरी, वाटीभर आमटी आणि दोन चमचे चटणी धरली तर बेरीज वीस-बावीसवर थांबते. दोन्ही वेळेला घट्ट उसळ किंवा पिठलं, मूठभर शेंगदाणे आणि एक अंडं किंवा दही, एवढं झालं तर ती पंचेचाळिशीच्या आसपास जाते. यात चिकन कुठेच नाही, हे लक्षात आलं का? पण यात उसळीची वाटी तिची स्वतःची हवी, पातेलं खरवडून उरलेली नव्हे. कारण मासवडीच्या दिवशीही हेच होतं. मधल्या, सारणानं भरलेल्या वड्या पुरुषांच्या पंगतीला, आणि कडेचे मोडके तुकडे करणारीला. कोंबडी असो की तीळ, वाढणीचा क्रम काही बदलत नाही.

उठता उठता पहिला प्रश्न विचारणारी म्हणाली, "ताई, ह्ये वहीतलं समदं आमच्या घरी येऊन सांगा की. म्या सांगितलं तर म्हणतील, हिला खायाचे डोहाळे लागलेत."

येत्या अमावास्येच्या बैठकीला आम्ही सासवांना आणि नवऱ्यांनाही बोलावलं आहे. जेवण तिथेच करणार आहोत, मासवडी आणि नाचणीची भाकरी. वाढायला दोघा पुरुषांची नावं काढली आहेत. त्यातला एक आत्तापासूनच शेजारच्या गावी पाहुण्यांकडे जायचं म्हणतो आहे, असं ऐकते.